सहा बार म्हणजे सहा बार

ती बाटली आधी टेबलावर ठेवा. व्हॉल्व्ह उघडा, हवा पूर्ण जाऊ द्या, आणि काटा खाली आल्याशिवाय कोणीही तिच्यावर वाकायचं नाही. झालं? आता मोबाईल खिशात टाका आणि ऐका. आज सराव होणार नाही. आज मी बोलणार आहे, आणि मधे कोणी ‘पण मॅडम’ म्हणायचं नाही. तुमचं सगळं ‘पण मॅडम’ तुम्ही दीड पान भरून लिहून दिलेलं आहे, आणि मी ते शब्दन् शब्द वाचलंय.

त्या पत्रावर तुम्हाला माझी सही हवी आहे, आयोजकांना पाठवायला. रोबोकॉनच्या रोबो-स्पर्धेत दाबाखालच्या हवेला ६०० किलोपास्कलची, म्हणजे सहा बारची मर्यादा आहे. हवा साठवायला एक तर त्याच कामासाठी बनवलेली टाकी हवी, नाहीतर नीट तयार केलेली, कुठेही ओरखडा नसलेली प्लास्टिकची बाटली. एवढाच नियम. तो तुम्हाला ‘जाचक’ वाटतो. ‘विद्यार्थ्यांच्या सर्जनशीलतेला मारक’ वाटतो. ‘परदेशातल्या स्पर्धांत अधिक मोकळीक असते’ असंही तुम्ही ठोकून दिलंय. शेवटी मागणी काय, तर मर्यादा आठ बार करावी. पत्र वाचून मी सरळ वर्कशॉपमध्ये आले, तर इथे आठ बार आधीच चालू होता. म्हणजे परवानगी मागायचं पत्र टेबलावर आणि नियम मोडायचं काम त्याच दिवशी वर्कशॉपात. सहीचा प्रश्न तिथेच संपला. पण मी नुसती सही नाकारून गप्प बसणार नाही, कारण मला त्या पत्रात नियमापेक्षा मोठी गोष्ट दिसली. दीड पानात एकही आकडेमोड नाही. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची मुलं दाबाबद्दल लिहितात आणि त्यात क्षेत्रफळ नाही, बल नाही, आकारमान नाही, ऊर्जा नाही. ‘आम्हाला वाटतं’ मात्र ओळीओळीत आहे.

मग आता फळ्याकडे बघा. दोन लिटरची बाटली. तिच्यात सहा बार गेज, म्हणजे वातावरण धरून सात बार. ही हवा एकदम मोकळी झाली तर किती काम करेल? थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात तुम्ही हे गणित सोडवलंय, त्याचे मार्कही घेतलेत. साधारण १५०० ज्यूल. आकडा पोटात शिरत नसेल तर असं समजा: ५० किलोचं सिमेंटचं पोतं तीन मीटरवरून खाली येतं तेवढी ऊर्जा. ती तुम्ही कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरता आणि बाटली चेहऱ्यासमोर धरून गळती कुठे आहे ते ऐकता. आता सहाऐवजी आठ बार घ्या. दाब वाढला एक तृतीयांशाने. ऊर्जा? साधारण २३५० ज्यूल. दीडपटीहून जास्त. दाब जेवढा वाढला तेवढाच धोका वाढला असं तुम्ही गृहीत धरलंत, कारण तुम्ही मोजलंच नाही. आणि ही ऊर्जा बाहेर पडते ती सर्वांत कमकुवत जागेतून. तुमच्या बाटलीत ती जागा म्हणजे झाकण, ज्यात तुम्ही ड्रिलने भोक पाडून पितळी फिटिंग बसवलंय आणि भोवती एम-सील थापलंय. ते सुटलं तर गोळीसारखं जाईल. ज्या दिशेला झाकण, त्या दिशेला माणूस असता कामा नये, एवढं साधं भानही इथे कोणी ठेवलेलं मला दिसलं नाही.

ही बाटली भरली कुठे ते मला कळलंय. आपला कंप्रेसर सहा बारला कटऑफ होतो, तो मीच तसा लावून ठेवलाय. म्हणून तुम्ही ती जालना रोडला एका टायरवाल्याकडे नेलीत. ट्रकच्या टायरसाठी त्याला जास्त दाब लागतो, त्याचा कंप्रेसर तसाच असतो, त्याचा काही दोष नाही. त्याने भरून दिली, आणि तुम्ही दोघं ती भरलेली बाटली स्कूटरवर, मागच्याच्या मांडीवर ठेवून, भर दुपारच्या उन्हात, क्रांती चौकातल्या गर्दीतून इथपर्यंत आणलीत. उन्हात हवा तापते, बंद बाटलीत दाब चढतो, आणि बाटलीचं पेट प्लास्टिक गरमीत मऊ पडतं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच दिशेने. बाजूने जाणाऱ्या रिक्षातल्या बाईने तुमच्या स्पर्धेचा फॉर्म भरला होता का? तिने काय म्हणून हा धोका सोसायचा?

आणि कपाटामागचा तो पाईपही मी बाहेर काढलाय. चार इंची पीव्हीसी, दोन्ही टोकांना सोल्युशन लावून कॅप चिकटवलेल्या, मधे व्हॉल्व्ह. तो तुमचा पुढचा ‘एअर टँक’ होता ना? विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, पाईपवर दहा केजी छापलंय.’ तुमच्यातली निम्मी मुलं शेतकऱ्याच्या घरची आहेत. वैजापूर, कन्नड, पैठणकडची. सहा केजी, दहा केजी हे शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकलेत. मग हेही माहीत असायला हवं की तो आकडा पाण्यासाठी असतो. विहिरीपासून शेतापर्यंत पाणी नेणारा पाईप फुटला की मोठी चीर जाते, पाणी उडतं, चिखल होतो, मोटार बंद करून आपण सांधा बदलतो. हवेचा तसा हिशेब नाही. का नाही?

पाणी जवळजवळ दबत नाही. दोन लिटर पाण्यावर सहा बार दाब आणला तर त्या पाण्यात साठणारी ऊर्जा एका ज्यूलच्या पाचव्या हिश्शाहून कमी. तेवढ्याच हवेत १५०० ज्यूल. जवळपास दहा हजार पट फरक. पाण्याचं भांडं फुटलं की दाब क्षणात शून्य होतो. हवेचं भांडं फुटलं की हवा फुगत राहते, आणि फुटलेला प्रत्येक तुकडा ढकलत नेते. पीव्हीसी तर ठिसूळपणे फुटतो, त्याच्या धारदार चिपा होतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने, ओशाने, १९८८ मध्येच याबद्दल धोक्याची सूचना काढली होती: जमिनीवरच्या हवेच्या लाइनसाठी पीव्हीसी पाईप वापरू नका. तुमचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी. म्हणूनच टाकीची चाचणी पाणी भरून करतात, हवा भरून नाही. ‘हायड्रो टेस्ट’ हा शब्द तुम्ही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहिलाय. ती केली कोणी? कधी? वहीत नोंद कुठे आहे? उत्तर नाही, कारण ती झालेलीच नाही. एखाद्या कागदावरून शब्द उचलून आपल्या रिपोर्टमध्ये डकवलाय.

नियम कुठून येतात याचा तुम्हाला पत्ता नाही, म्हणून ते कोणाच्या तरी मर्जीने आलेत असं वाटतं. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटला, माणसं मेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. देशभरासाठी एक कायदा यायला १९२३ साल उजाडलं. १९०५ च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटून इमारत कोसळली, पेटली आणि ५८ जण गेले. त्यातूनच पुढे अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेची, एएसएमईची, बॉयलर संहिता उभी राहिली, जिचे तक्ते तुम्ही डिझाइनच्या पेपरात वापरता. तक्ता वापरताना त्यामागे माणसं मेलीत हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मी सांगते. आपल्या देशात दाबाखालच्या वायूच्या सिलिंडरांचे नियम १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली केलेले आहेत, आणि ते पाहणाऱ्या संस्थेचं, पेसोचं, मुख्यालय नागपूरला आहे. स्फोटकांचा कायदा! ज्या कायद्याखाली दारूगोळा येतो, त्याच कायद्याखाली दाबलेल्या वायूचा सिलिंडर येतो. हे ज्यांनी ठरवलं त्यांना हवा म्हणजे काय ते कळत होतं.

लांब कशाला, वाळूज घ्या. बजाजचा कारखाना १९८५ मध्ये तिथे आला, मागोमाग शेकडो लहानमोठे कारखाने आले, आणि या शहराचं पोट त्यावर चालायला लागलं. तुमच्यातल्या किती जणांचे वडील, काका, मामा वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याला शिफ्टला जातात? त्या शॉप फ्लोअरवर हवेची लाइन साधारण याच सहा-सात बारला चालते. कारखाना कायद्याचं ३१ वं कलमच दाबाखालच्या यंत्रांबद्दल होतं: सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही याची परिणामकारक व्यवस्था मालकाने केलीच पाहिजे. तिथे सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावणाऱ्याला घरी पाठवतात. आणि तुम्ही? तुमच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा स्क्रू मी पाहिला. पूर्ण आत आवळलेला. जो भाग तुमचा जीव वाचवण्यासाठी बसवलाय, तो तुम्ही पान्याने बंद केलात, कारण तो सहाला सुटत होता आणि तुम्हाला आठ हवे होते. दोन वर्षांनी तुम्ही त्याच वाळूजमध्ये इंजिनिअर म्हणून उभे राहाल. तुमच्या हाताखाली आयटीआयची मुलं असतील, कंत्राटी कामगार असतील, ज्यांना नाही म्हणायची सोय नसते. आज हाताला जी सवय लागते तीच घेऊन तुम्ही त्यांच्यासमोर जाणार. माझा संताप तिथे आहे. स्पर्धा हरलात तर मला काही वाटणार नाही.

आता परदेशाच्या मोकळिकीबद्दल. हे लिहिण्याआधी एकाही स्पर्धेची नियमपुस्तिका उघडून पाहिलीत? अमेरिकेतली फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धा घ्या, शाळकरी मुलांची, पण रोबो तुमच्याएवढेच मोठे. साठवलेल्या हवेला १२० पीएसआयची मर्यादा, म्हणजे सव्वाआठ बारच्या आसपास. हे बघून तुम्ही खूश व्हाल. पुढचं वाक्य वाचा. काम करणाऱ्या बाजूला ६० पीएसआय. म्हणजे सिलिंडरला मिळणार चार बारच्या जेमतेम वर. तुमच्या सहापेक्षा कमी. टाकी, व्हॉल्व्ह, नळी, सगळं बाजारातलं, त्या दाबासाठी बनवलेलं आणि फेरफार न केलेलं. सेफ्टी व्हॉल्व्ह १२५ पीएसआयला लावलेला. हवा सोडायचा व्हॉल्व्ह दिसेल आणि हात पोचेल अशा जागी. व्हेक्सच्या शालेय स्पर्धेत दोनच टाक्या, १०० पीएसआयपर्यंत. फर्स्टच्याच धाकट्या टेक चॅलेंजमध्ये तर दाबाखालच्या हवेला मुळातच मज्जाव होता. कोल्ड्रिंकची बाटली रोबोवर बसवू देणारी स्पर्धा म्हणजे तुमची रोबोकॉन. तुमच्यावर विश्वास टाकलाय त्यांनी, की तुम्ही ती बाटली नीट निवडाल, नीट तयार कराल, मर्यादेत ठेवाल. मराठवाड्यातल्या कॉलेजांकडे महागड्या टाक्यांना पैसे नसतात, हे मला कोणी सांगायला नको. बाटलीची मुभा तुमच्यासारख्यांच्याच उपयोगाची आहे. तुम्ही असेच वागलात तर ती जाईल, आणि ज्या कॉलेजांकडे पैसा नाही ती आधी बाहेर पडतील.

‘बाकीचे संघही करतात’ हे वाक्य मी खोडलंय. त्यावर बोलणार नाही.

सर्जनशीलतेवर मात्र बोलणार आहे, कारण तो शब्द तुम्ही ढाल म्हणून वापरलाय. तुमचा त्रास काय होता? चेंडू पुरेसा लांब जात नव्हता, आणि पहिली फेक लांब, पाचवी आखूड पडत होती. यावर तुमचा उपाय एकच: दाब वाढवा. यात सर्जन कुठे आहे? रेग्युलेटरची चकती फिरवायला डोकं लागत नाही.

तुमचा सिलिंडर ३२ मिलिमीटर बोअरचा. क्षेत्रफळ ८०४ चौरस मिलिमीटर. सहा बारला बल मिळतं ४८२ न्यूटन, म्हणजे ४९ किलोचा जोर. आठ बारला ६४३ न्यूटन, ६६ किलो. यासाठी तुम्ही नियम मोडलात, सेफ्टी व्हॉल्व्ह आवळलात आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लावलात. आता सिलिंडर बदला. ४० मिलिमीटर बोअर, पलीकडच्या रॅकवर धूळ खात पडलाय. क्षेत्रफळ १२५७. सहा बारलाच ७५४ न्यूटन. ७७ किलो. नियमाच्या आत राहून तुमच्या बेकायदा आठ बारपेक्षा जास्त. एक गुणाकार. दहावीचा मुलगा करेल. आणि तुम्ही तो न करता दीड पान मराठी लिहिलंत.

फेक आखूड का पडत जाते? बाटलीतून थेट सिलिंडरला हवा देता. २०० मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे दर फेकीला १६० घन सेंटिमीटर जागा भरायची. दोन लिटरच्या बाटलीतला दाब प्रत्येक फेकीला सात-आठ टक्क्यांनी उतरतो. पाच फेकींनंतर सहाचे पावणेचार राहतात. मग आखूड पडणार नाही तर काय होईल? सुरुवात आठने केली तरी ही उतरंड तशीच राहते, फक्त वरच्या पायरीवरून सुरू होते. उपाय रेग्युलेटर आहे, पण उलट्या दिशेने. बाटलीत सहा ठेवा, सिलिंडरला चारच द्या. ४० च्या बोअरला चार बारवर ५०३ न्यूटन मिळतात. आज ३२ वाला सहावर देतो त्यापेक्षा जास्त. मागे यायला हवा खर्च करू नका, रबर लावा. अशा दोन बाटल्या घेतल्या तर सहा फेकी होतात, आणि सहाही सारख्या. प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या दोघी मुली रोज रात्री प्रत्येक फेकीसाठी वेगळा कोन लावत बसतात, त्यांचं ते काम संपेल. त्यांचे कष्ट तुमच्या आळसामुळे वाया जातायत, हेही मला सांगायचं होतं.

पुढे. व्हॉल्व्ह खाली चॅसिसवर, सिलिंडर वर हातावर, मधे दोन मीटर सहा बाय चारची पीयू नळी, गुंडाळून टाय मारलेली. नळीतच २५ घन सेंटिमीटर जागा. दर फेकीला सिलिंडरच्या जवळपास सहाव्या हिश्शाएवढी हवा नुसती नळी भरण्यात जाते, आणि वर उशीर होतो तो वेगळा. व्हॉल्व्ह सिलिंडरला चिकटवा. नळी आठ बाय पाचची घ्या, आतलं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं. सिलिंडरच्या पुढच्या तोंडाला क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे समोर अडकलेली हवा लांबच्या नळीतून परत फिरण्याऐवजी तिथल्या तिथे बाहेर पडेल आणि पिस्टनला वेग येईल. फिटिंगवर साबणाचं पाणी लावा. मी लावून पाहिलं, तीन ठिकाणी बुडबुडे आले. गळक्या नळीत दाब वाढवला की गळतीही वाढते, हे वेगळं सांगायला हवं? चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाला हे सर्किट दाखवा. तो आधी नळी बघेल. तुम्ही आधी नियम बघितलात, तोही मोडण्यासाठी.

आता जिंकणाऱ्यांबद्दल. २००८ ची आशियाई रोबोकॉन पुण्यात बालेवाडीला झाली. तेव्हाचा खेळ आपल्या गोविंदावर बेतलेला होता, मडक्यातलं लोणी काढायचं. २०१४ ला पुन्हा पुण्यात, आई-बाप आणि मूल अशा दोन रोबोंचा खेळ, झोका, सी-सॉ वगैरे. २०२२ ला दिल्लीत चक्क लगोरी. खेळ आपले, अंगण आपलं. २००८ ला जिंकलं चीनचं शिआन जियाओतोंग विद्यापीठ आणि २०१४ ला व्हिएतनामचं लाक होंग. लाक होंग काही फार बड्या गावातलं विद्यापीठ नाही, बिएन होआ नावाच्या कारखान्यांच्या शहरातलं आहे, आपल्यासारख्याच. नियमपुस्तिका तीच, हवाही तीच. कोणाला जास्त दाब दिला म्हणून कोणी जिंकलं नाही. मला मनापासून वाटतं की या शहरातून असा एक संघ जावा. पुणे-मुंबईची नावं ऐकून ऐकून माझे कान किटलेत. पण तो संघ असला नको.

आता गेज. बाटलीवरचं गेज कोणी बदललं ते मी विचारणार नाही, तुमच्यात ते सगळ्यांना माहीत आहे. हवा पूर्ण सोडल्यावरही त्याचा काटा शून्यावर थांबत नाही, त्याच्या खाली जाऊन अडकतो. म्हणजे आत आठ असताना तो सहाच्या आसपास दाखवणार. हे अज्ञान नाही. एवढा वेळ मी ज्याबद्दल बोलले ते सगळं अज्ञान होतं, त्याला शिकवणं हा माझा धंदा आहे. हे खोटं आहे. तपासणीला उभा राहणारा स्वयंसेवक तुमच्याच वयाचा असतो. तो गेज वाचतो, सही करतो आणि रोबोच्या शेजारी वाकून उभा राहतो. तुम्ही त्याला खोटा आकडा दाखवून तिथे उभा करणार होतात.

आणि त्याची गरजही पडली नाही, आपल्याच मुलाला लागलं. पहिल्या वर्षाचा तो पोरगा. संघात येऊन महिना झाला नसेल. नळी फिटिंगमधून सुटली, चाबकासारखी फिरली आणि त्याच्या भुवईवर बसली. दोन बोटं खाली लागली असती तर डोळा गेला असता. त्याने गॉगल घातला नव्हता. सातच्या सात गॉगल कपाटात आहेत, पिशव्याही फोडलेल्या नाहीत. तो तिथे उभा होता कारण तुम्ही त्याला गेज वाचायला सांगितलं होतं, आणि ते गेज खोटं आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्यानंतर तुम्ही काय केलंत? बर्फ लावला आणि ‘मॅडमना सांगू नको’ म्हणालात. त्याने सांगितलंही नाही. मला त्याच्या कपाळावरून कळलं. त्याला वाटतं की गप्प राहणं म्हणजे संघाशी इमान. हे तुम्ही त्याला शिकवलंत, पहिल्याच महिन्यात.

एअर गनचंही आज मिटवून टाकते. परवा तुम्ही एकमेकांच्या शर्टावरचा भुसा तिने उडवत होतात, हसत होतात. कंप्रेसरची हवा कातडीला भोक असेल तर आत शिरते. गमतीत कंप्रेसरचा पाईप मित्राच्या अंगाला लावला आणि आतडी फाटून तो गेला, अशा बातम्या आपल्याच वर्तमानपत्रांत आल्यात, वाचत नसाल तर वाचा. गन आता कुलपात राहील.

काय करायचं ते सांगते, लिहून घ्या. पीव्हीसीचा पाईप माझ्यासमोर करवतीने कापायचा. ही बाटली टाकून द्यायची, गेजही. नव्या बाटल्या, नवं गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह सहाला लावून त्यावर लाखेचं सील, ते मी लावीन. प्रत्येक बाटली आधी पाणी भरून तपासायची, तारीख आणि सही वहीत. बाटलीला जाळीचं आवरण. सर्किट कागदावर, आणि त्याखाली बल, हवेचा खर्च, दाबाची उतरंड, तिन्ही हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केलेले. एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलेलं मला ओळखता येतं. हे होईपर्यंत कंप्रेसरची किल्ली माझ्याकडे. स्पर्धेची तारीख मला ठाऊक आहे. जमलं तर जाऊ, नाही जमलं तर यंदा नाही जाणार.

पत्र परत घ्या. त्याच्या पाठीमागे कोरी जागा आहे, हिशेब तिथेच करा.

आणि कॅप्टन, तू थांब. त्या मुलाच्या घरी गंगापूरला फोन करायचा आहे, तो मी नाही, तू करायचास. आई उचलेल. काय झालं, दाब किती होता, तो कुठे उभा होता आणि गेज कोणी बदललं होतं, चारही सांगायचं. आधी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, डोळा दाखव, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही त्यांना सांग. ती माउली काय बोलेल ते ऐकून घे. मी इथेच बसलेय, झाल्यावर ये.